फौजदारने पास केलेली बँक

फौजदार म्हणजे काही खरीखुरी पोलिसातली बाई नव्हे. पोलिसांवर तर तिचा काडीचा विश्वास नव्हता. साठीला टेकलेली, बारीक चणीची, कापडाच्या मोठ्या दुकानातून निवृत्त झालेली बाई. दुकानात तिचं काम एकच: कपडे घालून बघायच्या खोलीत गिऱ्हाईक किती नग घेऊन गेलं आणि किती घेऊन बाहेर आलं, यावर नजर ठेवायची. हे काम तिच्या अंगात इतकं मुरलं की घरी पाहुणे आले तरी जाताना तिची नजर आधी त्यांच्या पिशवीकडे जाई. गल्लीतल्या पोरांनी फौजदार नाव पाडलं आणि ते चिकटलं. तिलाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

लग्न तिने केलं नाही. जमत होतं, तिनेच मोडलं. पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलगा झकास स्कूटरवरून आला होता. घरचे सगळे खूश. ही दुसऱ्या दिवशी गुपचूप त्याच्या ऑफिससमोर जाऊन उभी राहिली, तर त्या स्कूटरवरून भलताच माणूस उतरला आणि नवरदेव मागून घाम पुसत चालत आला.

"स्कूटर मित्राची होती, एवढंच ना?" आईने कपाळाला हात लावला.

"आज स्कूटर मित्राची निघाली, उद्या पगार मित्राचा निघेल," ही म्हणाली, आणि विषय संपला. पुढच्या स्थळांमध्येही काही ना काही सापडत गेलं. शोधलं की सापडतंच हो! शेवटी स्थळंच यायची थांबली आणि ती थोरल्या भावाकडे कायमची राहिली.

वहिनी मात्र गरीब गाय. भाजीवाल्याने सांगितलेला भाव निमूट द्यायची आणि वर त्यालाच विचारायची, "तुमचा मुलगा बरा आहे ना आता?"

"वहिनी, तुला कुणीही टोपी घालेल," फौजदार चिडायची.

"घालू दे की वन्सं. थंडीचे दिवस आहेत."

असं ते घर चाललं होतं. मग भाऊ अचानक गेला. मूलबाळ नव्हतं. त्याच्या कंपनीकडून वहिनीच्या हातात एकरकमी पैसे आले. घरभाडं, औषधपाणी, पुढचं सगळं म्हातारपण, जे काय होतं ते त्या एका रकमेत होतं. वहिनीने तो धनादेश सरळ नणंदेच्या हातात दिला आणि म्हणाली, "कुठे ठेवायचे ते तुम्ही ठरवा. मला त्यातलं काही कळत नाही."

झालं! फौजदारला जन्माचं काम मिळालं. गावातल्या सगळ्या बँका तिने पालथ्या घातल्या. खासगी बँकांचं तर तिला फारच वावडं. गुळगुळीत फरशी, गारेगार हवा, टाय लावलेली पोरं, तोंडावर साखर. वर्तमानपत्रात येणारे नफा-तोट्याचे आकडे ती वाचायची, पण मानायची नाही. "आकडे काय, लिहिणाऱ्याच्या हातातले," म्हणायची. तिची परीक्षाच वेगळी. ती आत जाऊन बाकावर बसायची. काउंटरवरची माणसं महिन्या-दोन महिन्यांत बदलतात का? जिथे माणूस टिकत नाही तिथे पैसा काय टिकणार? कुंडीतलं झाड खरं आहे की प्लास्टिकचं? खरं असेल तर त्याला पाणी कोण घालतं? कर्ज मागायला आलेल्याला लगेच खुर्ची देतात की आधी चार प्रश्न विचारतात? लगेच खुर्ची दिली की फौजदार पिशवी उचलून बाहेर पडे. "आज सगळ्यांना वाटत सुटलेत, उद्या वसूल करताना बोंबलत बसतील." आणि सर्वांत शेवटी दारावरच्या रखवालदाराला विचारायचं, "काय दादा, पगार वेळेवर होतो ना?" बँकेची प्रकृती बघायची तर नाडी रखवालदाराची बघावी, असं तिचं पक्कं मत.

या चाळणीतून एकच बँक खाली उतरली: घरापासून हाकेच्या अंतरावरची, कोपऱ्यावरची खासगी बँक. झाड खरं होतं, रखवालदार जुना होता, आणि कर्ज मागणाऱ्या एका जाड्या माणसाला त्यांनी तिच्यादेखत नाही म्हटलं होतं. त्या नकारावर फौजदार बेहद्द खूश झाली. वहिनीची रक्कम तिथे मुदत ठेवीत गेली. आणि मग काय, फौजदारने पास केलेली बँक म्हटल्यावर गल्लीतल्या सगळ्यांनी आपापली पुंजी उचलून तिथे नेली. पंक्चरवाला, शिवणकामाच्या काकू, झाडून सगळे. बँकेच्या जाहिरातीवर खर्च झालेला पैसा पाण्यात गेला असता तरी चाललं असतं.

याच फिरतीत तिला एक नवं काम मिळालं. एका बँकेत तिने घातलेला वाद ऐकून एक चुणचुणीत बाई तिच्या मागोमाग बाहेर आल्या. त्यांची एक कंपनी होती. बँका त्यांना पैसे द्यायच्या आणि बाई त्या बँकांमध्ये खोटी गिऱ्हाइकं पाठवायच्या. खोट्या गिऱ्हाइकाने जायचं, सांगितलेलं नाटक करायचं, कर्मचारी नीट बोलले का, नको असलेला विमा गळ्यात मारला का, हे बघायचं आणि गुण द्यायचे. "तुमच्यासारखं माणूस मी शोधतच होते," त्या म्हणाल्या.

ऐकावं ते नवलच! दुसऱ्यावर संशय घ्यायचा आणि त्याचे पैसे मिळवायचे. फौजदारला स्वर्ग दोन बोटं उरला. अटी दोनच होत्या. हे काम घरच्यांनाही सांगायचं नाही, आणि जिथे आपल्याला ओळखतात त्या शाखेत कधी जायचं नाही. म्हणून वहिनीला ती सांगायची, "गुडघ्यांच्या व्यायामाला जाते." बिचारी वहिनी. आल्यावर गुडघ्यांना चोळायला तेल कोमट करून ठेवायची.

सगळं सुरळीत होतं. पण सुरळीत चाललं की फौजदारला चैन पडत नाही. कोपऱ्यावरच्या बँकेत नवा मॅनेजर आला. तरुण, हसतमुख. म्हाताऱ्यांना दारापर्यंत सोडायला यायचा. वहिनीला त्याने स्वतःच्या हाताने पाणी दिलं आणि वहिनी दोन दिवस त्याचं कौतुक करत होती. त्यातच बँकेने ठेवींवरचं व्याज वाढवलं.

"जास्त कोण देतो?" फौजदार म्हणाली. "ज्याला गरज असते तो. आणि हा बाबा एवढा हसतो कशाला? पगारात हसणं बसत नाही."

"अहो, स्वभाव असेल."

"स्वभाव! वहिनी, तुझं सगळं आयुष्य त्या माणसाच्या तिजोरीत आहे, आणि तू स्वभाव बघतेस."

तिची झोप उडाली. सरळ जाऊन विचारलं असतं तर तो काय खरं सांगणार होता? मग तिच्या डोक्यात आलं की आपल्याकडे हुकमी हत्यार आहे, ते वापरायचं. तिने कंपनीच्या बाईंना फोन करून त्याच शाखेचं काम मागून घेतलं. तिथे आपलं खातं, आपली गल्ली, हे सोयीस्करपणे गिळून टाकलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण शहाणपण सांगायला तेव्हा जवळ होतं कोण?

नाटक असं होतं: दुसऱ्या शाखेतली ठेव मुदतीआधी मोडायची आहे असं म्हणायचं आणि कर्मचारी काय करतात ते बघायचं. काउंटरवरची मुलगी नवीन होती, मॅनेजर नवा होता. पण रखवालदार जुना, त्याने ओळखू नये म्हणून फौजदारने डोक्याला मोठा रुमाल गुंडाळला आणि वहिनीचा जुना चष्मा लावला. चष्म्याचा नंबर भलताच. दारातून आत शिरताना ती कुंडीला धडकली आणि कुंडीला "माफ करा" म्हणाली. मागच्या बाकावर आपला पंक्चरवाला पासबुक घेऊन बसलाय, हे तिला दिसणार कसं? पण पंक्चरवाल्याला कान होते. फौजदारचा आवाज गल्लीत कोण ओळखत नाही!

"मला ठेव मोडायची आहे. सगळी. आजच," ती काउंटरवर म्हणाली.

मुलगी गडबडली, उठून मॅनेजरकडे गेली. मॅनेजर बाहेर आला, अदबीने तिला केबिनमध्ये घेऊन गेला आणि दार लोटून घेतलं. आत तो म्हणाला, "मावशी, कुणाच्या पैशाची गोष्ट चारचौघांत नको म्हणून आत बोलावलं. मोडू नका. मुदत जवळ आलीये, उगाच व्याज बुडेल. फारच नड असेल तर ठेवीवर थोडं कर्ज घ्या, मी लगेच करून देतो."

तिने आडवेतिडवे प्रश्न विचारले. व्याज का वाढवलं? तर म्हणे सगळ्याच बँकांनी वाढवलंय, आम्ही उलट मागून वाढवलं. थकलेली कर्जं किती? त्याचंही त्याने सरळ उत्तर दिलं. विमा तर त्याने तोंडातूनही काढला नाही. फौजदार मनातल्या मनात वरमली. घरी येऊन तिने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

इकडे पंक्चरवाल्याने दुकान उघडं टाकून बायकोला गाठलं. बायकोने काकूंना सांगितलं. फौजदार वेश बदलून बँकेत गेली होती. ठेव मोडायला. सगळी. आजच. मॅनेजरने तिला घाईघाईने आत नेलं आणि दार लावलं! आता बोला. नुसती ठेव मोडली असती तर लोकांनी म्हटलं असतं, असेल काही गरज. पण वेश बदलून? स्वतःच पास केलेल्या बँकेत?

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलेली वहिनी रिकाम्या हाताने धावत परत आली. "वन्सं! बँकेसमोर रांग लागलीये! सगळे पैसे काढायला आलेत!"

फौजदारच्या तोंडचं पाणी पळालं. पण खरं सांगायचं तर पोटात कुठेतरी एक थंडावाही वाटला. "मला वाटलंच होतं! गोड बोलून मलासुद्धा फसवलं मेल्याने! घे ती ठेवीची पावती, चल!"

रांग केव्हाच कोपरा ओलांडून मागच्या रस्त्यावर गेली होती. दोघी शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पुढे शिवणकामाच्या काकू होत्या. फौजदारने त्यांच्या खांद्याला हात लावला. "काय झालं हो नक्की? कुणी सांगितलं?"

काकूंनी मागे वळून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही मला विचारताय? अहो, तुम्ही काल ठेव मोडलीत म्हणून तर आम्ही आलोय!"

"मी?"

"रुमाल बांधून गेला होतात ना?"

पुढची माणसं वळून बघायला लागली. पंक्चरवाला तर रांग सोडून मागे आला. फौजदार सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो, ते खोटं होतं! नाटक होतं! बँक चांगली आहे, घरी जा!"

"नाटक कशाला करेल माणूस?" पंक्चरवाल्याने विचारलं.

"ते माझं काम आहे. बँकांमध्ये खोटं गिऱ्हाईक होऊन जायचं."

"आणि त्याचे पैसे कोण देतं?"

"एक कंपनी आहे."

"आणि कंपनीला कोण देतं?"

फौजदारने ओठ चावला. आयुष्यभर दुसऱ्यांना असेच प्रश्न विचारत आलेली बाई. पुढचा प्रश्न कुठला येणार हे तिला आधीच कळलं होतं. "बँक," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे बँक पैसे देते, आणि तुम्ही सांगता बँक चांगली आहे." पंक्चरवाला सगळ्यांकडे बघत हसला. "आणि काल स्वतःचे काढून मोकळ्या झालात. वा!"

वहिनी फक्त नणंदेच्या गुडघ्यांकडे बघत होती.

फौजदार रांगेतून निघाली आणि तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. त्याचं हसू आज कुठेच नव्हतं. एक फोन कानाला लावून तो घाम पुसत होता. तिने सगळं सांगून टाकलं, एकही शब्द न लपवता.

"कालच्या त्या मावशी तुम्ही?" तो म्हणाला. त्याला रागवायलाही त्राण उरलं नव्हतं. "वर मुख्य शाखेत आमचं मोठं कोष्टक असतं. बँक नीट चालली की नाही ते कशावर ठरतं? ठेवी, थकलेली कर्जं, खर्च, माणसं किती टिकतात. पन्नास रकाने भरून पाठवतो मी दर तिमाहीला. त्यात तुमच्यासाठी रकाना नाही हो."

"साहेब, खरं सांगा. बँक बुडणार तर नाही ना? माझ्या वहिनीचं सगळं इथे आहे."

"काल विचारलं असतंत तर छातीठोकपणे नाही म्हटलं असतं."

"आणि आज?"

त्याने काचेतून बाहेर बघितलं. "लोकांना वाटतं त्यांचे पैसे आत बांधून ठेवलेत. त्यातून कुणी घर बांधलंय, कुणी ट्रक घेतलाय. दुपारपर्यंत ते सगळं परत कसं आणू? मुख्य शाखेतून रोकड निघालीये. ती येईपर्यंत निभावलं तर निभावलं. तुमच्या घरची ठेव तेवढी राहू द्या, मावशी. लोक तिकडेच डोळे लावून बसलेत."

ती बाहेर आली तर रांगेने आपणहून वहिनीला पुढे सरकवलं होतं. फौजदारच्या घरचे काय करतात ते सगळ्यांना बघायचं होतं. वहिनी काउंटरसमोर पावती हातात धरून उभी होती.

"वहिनी, राहू दे पैसे," फौजदार म्हणाली.

"का?"

"बँक चांगली आहे."

"कशावरून?"

हा शब्द त्या घरात आजवर एकटी फौजदार वापरायची. तिने तोंड उघडलं. झाडाचं सांगावं, रखवालदाराचं सांगावं, मॅनेजरने आत्ता काय सांगितलं ते सांगावं? ते तर मुळीच सांगता येत नव्हतं. "मी सांगते म्हणून," ती शेवटी म्हणाली.

वहिनीने तिच्याकडे शांतपणे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. "वन्सं, तुम्ही व्यायामाला जाता असं सांगितलंत. मी रोज तेल कोमट करून ठेवत होते. मला कधी शंकासुद्धा आली नाही."

"वहिनी, ते कामाची अट होती म्हणून..."

"असेल. पण मला आता कळत नाही ना, काय खरं धरायचं." तिने पावती काचेखालून आत सरकवली. "सगळे काढायचेत, बाळा."

काउंटरवरच्या मुलीने मॅनेजरकडे बघितलं. त्याने मान हलवली. मग तिने नोटांची बंडलं काढली, यंत्रातून फिरवली आणि एकेक करून बाहेर ठेवली. वहिनीने ती पिशवीत भरली.

"मिळाले?" मागून पंक्चरवाल्याने विचारलं.

"मिळाले."

"सगळे?"

"सगळे. व्याज थोडं कापलं, ते नियमाप्रमाणे."

आणि गंमत बघा माणसाच्या जातीची! मिळणार नाहीत म्हणून धावत आलेल्या लोकांना पैसे मिळतायत हे दिसलं, आणि रांगेचा जोरच ओसरला. फौजदारच्या बोंबलण्याने जे झालं नाही, ते वहिनीच्या भरलेल्या पिशवीने झालं. काकू म्हणाल्या, "मग माझं व्याज मी कशाला बुडवू?" आणि घरी गेल्या. थोड्या वेळाने रोकड घेऊन गाडी आली, तेव्हा घ्यायला मूठभर माणसं उरली होती. पंक्चरवाल्याने काढले, आणि आठवड्याभरात लाजत लाजत परत नेऊन ठेवले. बँक तरली. आजही कोपऱ्यावर आहे. त्या तिमाहीत ठेवी घटल्या म्हणून मॅनेजरची मात्र बदली झाली. अहवालात कारण लिहिलं होतं, 'वाढती स्पर्धा'. कंपनीच्या बाईंनी फौजदारचं काम बंद केलं, आणि त्यांची काही चूक नव्हती.

वहिनीने पैसे कुठल्याच बँकेत ठेवले नाहीत. फौजदारने खूप समजावलं, मॅनेजर जाण्याआधी स्वतः घरी येऊन गेला. वहिनीने दोघांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाली. ती आता भाजीवाल्याला भाव दोनदा विचारते. सुटे पैसे मोजून घेते. फौजदारला याचा आनंद व्हायला हवा होता. एवढी वर्षं ती हेच तर शिकवत होती. पण भाजीवाल्याच्या मुलाची चौकशी वहिनीने सोडून दिली, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला रडू आवरेना. एकदा न राहवून तिने विचारलं, "वहिनी, एवढी रक्कम घरात. नीट ठेवलीयेस ना गं? काही झालं तर?"

"ठेवलीये."

"मला निदान जागा तरी सांगून ठेव."

वहिनी उठून भांडी आवरायला लागली. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरमालक भाडं मागायला आला. फौजदार खोलीत खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होती. वहिनी दारात येऊन जरा घुटमळली. मग नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाली, "वन्सं, थोडा वेळ बाहेर बसता का? मला कपाट उघडायचंय."

फौजदार उठली. वर्तमानपत्र घडी करून काखेत घेतलं आणि बाहेर जाऊन घरमालकाच्या शेजारी बसली. तिच्यामागे दाराला आतून कडी लागली.